पाकोळ्यांचं घर

शेजारचे काका मूळचे नागपूरचे, केंब्रिजच्या कार प्लांटमधून रिटायर झालेले. बॅकयार्डमध्ये त्यांनी पर्पल मार्टिन या जांभळ्या पाकोळ्यांसाठी उंच खांबावर बारा खोल्यांचं घर लावलंय. पाकोळ्यांना बोलवायला स्पीकरवर त्यांचाच आवाज वाजत असतो. सहा वर्षांत आल्या त्या चिमण्याच. "चिमण्या शिरल्या की मार्टिन फिरकत नाही, बावा," म्हणत काका दर रविवारी ते घर दोरीने खाली घेतात आणि चिमण्यांची घरटी उपसतात. ऐकून ऐकून मी कंटाळलोय, उपसून उपसून तेही.

या रविवारी एका घरट्यात चार अंडी निघाली. काकांनी हात मागे घेतला, दार लावलं आणि घर हळूहळू वर चढवलं.

"काढलं नाही?" मी विचारलं.

"राहू दे. आता आल्याच आहेत तर."

मग गुडघे धरत ते स्पीकरपाशी गेले आणि त्यांनी तो बंद केला.