पद्माक्काची झोप

कुणी गमतीचं काही बोलायला लागलं की पद्माक्का आधी खाली बसायची. बसायला जागा नसेल तर भिंतीला पाठ टेकायची आणि हात वर करून म्हणायची, "थांबा वो जरा. बसू द्या मला. मग सांगा." आणि सांगून झाल्यावरही ती हसायची नाही. खालचा ओठ दातांत धरून समोरच्या नळाकडे बघत राहायची. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत तिच्याइतकी कडू बाई दुसरी नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. माझंही.

मी शाळेत शिकवते. या गल्लीत राहायला आले तेव्हा ब्लाउज शिवायला म्हणून पहिल्यांदा तिच्याकडे गेले. एकच खोली, दाराशी शिलाई मशीन, भिंतीवर तीर्थंकरांची तसबीर. पन्नाशीची, उंच, हाडापेराने मजबूत बाई. मूळची पेठ वडगावच्या बाजूची, जैन शेतकरी घरातली, तिकडच्या बायकांसारखं 'मी आलो, मी गेलो' असं बोलणारी. माझं माप घेताना, टेप माझ्या खांद्यावर असतानाच तिची मान खाली गेली. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तिने डोळे उघडले आणि काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाली, "साडेचौदा."

ब्लाउज मिळाला तो एका बाहीचं तोंड शिवून बंद केलेला. मी चिडून परत नेला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि निमूटपणे टीप उसवायला घेतली. "हात जागं हुतं बाई," ती म्हणाली, "मी न्हवतो."

ती नशेच्या गोळ्या घेते असं कुणी म्हणे, कुणी दारूचा संशय घेई. तिच्या कानावर ते जायचंच. "मी कुठं झोपतो वो?" ती मला म्हणाली होती. "झोपच मला घेती. झोप म्हंजे माझी सासूच की. बोलवाय लागत न्हाय. आपणच येती, आन आली की हलत न्हाय." रात्री मात्र तिला धड झोप नसायची. दहा वेळा जाग यायची. कधी डोळे उघडे, पण बोटही हलत नाही आणि उशाशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, असं ती सांगायची. ते सांगताना तिचा आवाज खाली जायचा.

खरा प्रकार मला कळला तो माझ्याच एका चुकीने. सहामाहीचे पेपर तपासत तिच्या दारात बसले होते. 'पंचगंगा नदी कोठून येते?' या प्रश्नाला एका मुलीने उत्तर लिहिलं होतं, 'मागच्या दारातून.' तिचं घर दर पुरात पाण्याखाली जायचं, बिचारीने खरं तेच लिहिलं होतं. मला इतकं हसू आलं की पद्माक्का कापड घेऊन उभी आहे हे न बघताच मी ते मोठ्याने वाचलं. तिच्या तोंडून हसू फुटलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. पुढच्याच क्षणी तिचा जबडा लोंबला, मान कलंडली, गुडघे दुमडले आणि ती मशीनला घासत खाली गेली.

मला वाटलं, झटका आला. मी ओरडले, तोंडावर पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या. तिचे डोळे अर्धे उघडे होते. मिनिटभराने ती आपण होऊन उठली, पदराने तोंड पुसलं. "सगळं ऐकू येत हुतं मला," ती म्हणाली. " 'मेली का काय' म्हणालासा, तेबी."

त्या दुपारी तिने मला सांगितलं.

लग्न विसाव्या वर्षी झालं आणि त्याच वर्षी ही झोप मागे लागली. चुलीवर दूध असताना, भाकरी थापताना, पंगतीत वाढताना. आळशी म्हणून सासरी नाव पडलं. एका देवऋष्याने अंगारा दिला, दुसऱ्याने निंबाच्या फोकाने मारलं. मग मुलगा झाला, अजित. आठ महिन्यांचा असताना त्याला कडेवर घेऊन ती उंबऱ्यात उभी होती.

"त्यो शिंकला," पद्माक्का म्हणाली, "आन आपल्याच शिंकंला दचकला. असं डोळं मोठं केलं वो! मला हसू आलं. हसलो, आन पाय गेलं."

मूल तिच्या हातातून पायरीच्या दगडावर पडलं. भुवई फुटली. ती त्याच्या शेजारीच पडली होती, वीतभर अंतरावर. "रडत हुतं. रगात माझ्या बांगडीपतूर आलं. मी बघत हुतो, बाई. हात न्यायचा हुता. हात माझा न्हवताच."

सासू धावत आली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच, की सून डोळे उघडे ठेवून पडली आहे आणि पोराला हात लावत नाही. हिने पोर टाकलं, असं ठरलं. आठवड्याच्या आत तिला माहेरी पोचवलं. नवऱ्याने दुसरं लग्न केलं. अजित तिथेच वाढला, आता शिरोलीला लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत कामाला होता. तीस वर्षांत तिने त्याला दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा लांबून.

"तवाच हसणं सोडलं," ती म्हणाली. "एकदा हसलो ते बास झालं."

मी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. ती यायला तयार नव्हती. "आमच्यात झोपंला कोण आजार म्हणतंय?" असं वाटभर चाललं होतं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी नाडी बघायच्याही आधी विचारलं, "अक्का, हसताना गुडघ्यातली ताकद जाते का?" तीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

पुण्याला जाऊन डोक्याला तारा लावून एक रात्र आणि एक दिवस तपासणी झाली. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदूचं चित्र काढलं. तळाशी पेनाने एक ठिपका दिला. इथे थोड्याशा पेशी असतात, आपलं जागेपण धरून ठेवणाऱ्या. तुमच्या त्या पेशी तरुणपणीच मेल्या. माणूस स्वप्न बघतो तेव्हा त्याने उठून पळू नये म्हणून मेंदू सगळं अंग सैल सोडून देतो. तुमचा मेंदू जागेपणी, हसू आलं की तेच करतो. औषधाने त्या पेशी परत येणार नाहीत, पण त्रास कमी होईल.

पद्माक्काने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "म्हंजे मी त्याला टाकलं न्हवतं?"

"नाही, अक्का."

"हे लिवून द्याल का?"

डॉक्टरीणबाईंनी मराठीत लिहून दिलं. पडताना रुग्ण पूर्ण शुद्धीवर असते, पण शरीर तिच्या ताब्यात नसते. खाली सही, शिक्का. तो कागद घरी येईपर्यंत तिने पिशवीत ठेवला नाही, हातातच धरला.

गोळ्या सुरू झाल्या. रोज दुपारी दोन ते अडीच ठरवून झोपायचं, असंही सांगितलं होतं. मी गल्लीत घरोघरी जाऊन सगळ्यांना समजावलं, की हा आजार आहे, त्या वेळेला तिला कुणी उठवायचं नाही. लोकांनी ऐकलं. भाजीवालासुद्धा तिच्या दारावरून जाताना आवाज खाली घ्यायचा.

त्या कागदाची प्रत जोडून मी अजितला पत्र लिहिलं. दोन महिने उत्तर नाही. मग एका रविवारी सकाळी दाराशी मोटारसायकल थांबली. आडव्या अंगाचा तिशीतला माणूस, डाव्या भुवईत फट. मी पद्माक्काच्या खोलीतच होते.

"अजित मगदूम," तो मलाच म्हणाला. तिच्याकडे त्याने बघितलं नव्हतं. "पत्र आलतं. आमच्या घरात सांगत्यात त्ये येगळंच हाय. इचारावं म्हणून आलतो."

पद्माक्का उठली. आनंदानेही तिचं तेच होतं, हे आम्ही दोघीही त्या घटकेला विसरलो. एक पाऊल टाकलं आणि ती कोसळली. अजितने झेप घेऊन तिला धरलं. तिचं सगळं वजन त्याच्या हातावर, मान मागे टाकलेली, डोळे त्याच्याकडे.

"काय झालं? मावशी, पाणी आणा!"

"काही होत नाही," मी म्हटलं. "तिला सगळं ऐकू येतंय. फक्त हलता येत नाही. बोल तिच्याशी."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं आणि ते पुसायला तिचा हात उठत नव्हता. त्याने आपल्या बाहीने ते पुसलं. "आई," तो म्हणाला. "आई, मी धरलंय."

त्यानंतर तो अधूनमधून यायचा, शेतातल्या शेंगा घेऊन. ती पलंगावर मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "बसलोय बघ. आता सांग." तो फौंड्रीतल्या गमती सांगायचा, ती खदखदून हसायची आणि उशीवर कलंडायची. तो तिची मान सरळ करून पुढचं सांगायचा. असे आठ महिने मिळाले तिला.

गेल्या आषाढात एक दिवस शाळा लवकर सुटली. मी सव्वादोनला घरी येत होते. पद्माक्काचं दार उघडं होतं. ती मशीनवर डोकं टेकून बसलेली. वाटलं, पलंगापर्यंत जायच्या आतच आज झोपेने गाठलं. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांना मी दुसऱ्या टोकाला पिटाळलं आणि तिचं दार हलक्या हाताने ओढून घेतलं.

पाचला एक गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला आलं तेव्हा कळलं. हृदय बंद पडलं होतं. केव्हा, ते डॉक्टरांना नेमकं सांगता आलं नाही. मी दार ओढलं तेव्हा ती असेल किंवा नसेलही.

तिसऱ्या दिवशी अजितला मी हे सांगून टाकलं. "मी बघितलं होतं रे. झोपली आहे असं वाटलं. उठवलं नाही."

तो बराच वेळ तिच्या मशीनचं चाक हाताने फिरवत राहिला.

"ऱ्हाऊ द्या मावशी," तो म्हणाला. "आमच्या घरात तिला कुणी झोपू दिलं न्हवतं. तुमी दिलंसा."

माझी समजूत काढायला तो तसं म्हणाला, हे मला कळतं. पण आजही दुपारी त्या दारावरून जाताना माझा हात कडीकडे जातो. तिला एकदा हाक मारून बघावी, असं वाटतं.