अपंग ठरण्यासाठी आधी बरे व्हा

वडिलांचा उजवा हात यंत्रमागात सापडला तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. बोटं वाचली, पण मधली तीन ताठ झाली ती झालीच. घरात अर्ज वाचता येणारा मी एकटाच. ज्यांनी उभं आयुष्य मागापाशी काढून मला शिकवलं, त्यांच्या उपयोगी पडायची ही संधी आहे, असं मला मनापासून वाटलं.

पहिल्यांदा भरपाई मागायला कामगार कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं की वडिलांचा कामगार विमा आहे, त्यामुळे मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. एकाच दुखापतीचं दोन्हीकडून मिळत नसतं. जे मिळायचं ते विम्याकडूनच. विम्याकडून उपचार चालू असेपर्यंत पगाराऐवजी काही रक्कम मिळत होतीच. आता हात कायमचा अधू झाला म्हणून दरमहा काही मिळावं, असा अर्ज मी विमा कार्यालयाच्या खिडकीतून आत सरकवला.

"आधी बरे झाल्याचा दाखला आणा," कारकून म्हणाला.

"बरे झाले नाहीत, म्हणून तर आलोय."

"बरे झाल्याशिवाय अपंग कसं ठरवणार? उपचार संपायला पाहिजेत की."

त्याचं बरोबर होतं, हे मला घरी पोचल्यावर कळलं. दाखला मिळाला. त्यावर 'कामास योग्य' असं लिहिलं होतं. लगेच रक्कम थांबली आणि मालकाचा निरोप आला, बरे झालात तर मागावर या. वडील गेले, चार मागांसमोर उभे राहिले आणि दुपारच्या आत परत आले.

मग वैद्यकीय मंडळाची तारीख लागली. कमावण्याची ताकद किती टक्के गेली, हे तिथले तीन डॉक्टर ठरवणार होते. त्यावरच आमचं पुढचं सगळं अवलंबून होतं. रिक्षात मी वडिलांना पढवलं, की विचारतील तेवढंच सांगा, हात मांडीवर ठेवा, काही करून दाखवू नका. त्यांनी मान डोलावली.

हात तपासायला टेबलावर टॉवेल अंथरला होता. आमच्या गावच्या मागांवर विणलेला, आणि काठाला एक धागा तुटलेला. डॉक्टर कागद चाळत होते तेवढ्यात वडिलांनी अंगठा, करंगळी आणि डावा हात लावून तो धागा जोडला. मी डोळे मिटून घेतले.

"गाठ मारता येते की तुम्हाला," मधले डॉक्टर म्हणाले.

"येते की, साहेब." मग त्यांचा आवाज खाली गेला. "पण पूर्वी बघायच्या आत व्हायची. आता एका गाठीला एवढा वेळ लागतोय, तोवर बाकीचे माग कोण बघणार? मालक कशाला ठेवील?"

मी पढवून हे कधीच वदवून घेऊ शकलो नसतो. डॉक्टरांनी घड्याळ बघत पुन्हा गाठ मारायला सांगितलं. आणि वडील जीव तोडून घाई करू लागले. मी, त्यांचा पोरगा, शेजारी बसून देवाकडे मागत होतो की धागा सुटू दे. तो दोनदा सुटला. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. त्या माणसाचे मी आजही उपकार मानतो.

पत्र आलं. टक्के मी धरले होते त्याहून जास्त निघाले आणि दरमहाची रक्कम सुरू झाली. हे टक्के तात्पुरते असून वर्षाने फेरतपासणी होईल, असंही त्यात होतं. मी आनंदाने वाचून दाखवलं. वडिलांचा चेहरा उतरला. किती टक्के, म्हणजे हात किती गेला असं धरलं, पुन्हा कधी तपासणार, हे ते खोदून खोदून विचारू लागले. माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा त्यांनी एवढं बारकाईने विचारलं नव्हतं.

"लईच टक्के लावले की. घाई केली मी," ते म्हणाले. "फेरतपासणीला बघ तू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते उंबऱ्यात सुताची गुंडी घेऊन बसतात आणि गाठी मारतात. धागा आता क्वचितच सुटतो. टक्के घसरले तर रक्कमही घसरेल, हे मी पदवीधर असूनही त्यांना अजून सांगितलेलं नाही.