देवाचा घेर

नंदिगड्ड्याच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. रानखात्याच्या एका गोऱ्या साहेबानं बदलीच्या वेळी टाकून दिलेलं पुस्तक माझ्या हाती लागलं होतं. पृथ्वीचं वय शोधणाऱ्या विद्वानांच्या भांडणांचा तो इतिहास. ऐकणारा एकच भेटला, शेजारचा म्हातारा कुणबी. मी त्याला अज्जा म्हणे. विद्वानांतला एक पक्ष म्हणे, सगळे खडक समुद्राच्या गाळातून झाले. दुसरा म्हणे, आगीतून. अज्जानं ताबडतोब पाण्याची बाजू घेतली. भात लावणारा माणूस, दुसरं काय करणार! मी आगीचा. आम्ही इतक्या तावातावानं भांडत असू की त्याची सून हसून बेजार होई.

पण खडकाचा एकेक थर बसायला किती काळ लागतो हे सांगितलं, त्या दिवशी तो भांडण अर्ध्यावर टाकून घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर. "मास्तर, माज्यासंगं गुहेत चला."

डोंगरातल्या त्या गुहेत छतातून ठिबकणाऱ्या पाण्यानं घडलेलं पुरुषभर उंचीचं लिंग आहे. पूजा आणि रोजचा दिवा त्याच्याच घराकडे. चुडीच्या उजेडात त्यानं कमरेचा मेण लावलेला दोरा काढला.

"आमच्या आज्जानं देवाचा घेर मापून ह्या दोऱ्याला गाठ मारलीया. देव वर्साला तिळाएवढा वाढतो म्हनत्यात. तुमीच मापा. मी हात लावत न्हाई."

मी दोरा गुंडाळला. टोक नेमकं गाठीवर आलं. केसाचाही फरक नाही.

"बगितलंसा?" तो म्हणाला. "तरणा हुतो तवा लाकूड वडायच्या कामावर दोन वर्सं भायेर गेलो. दिवा चुकला. परत येऊन मापलं तर ह्येच. माज्यामुळं देव आटून परत गाठीवर आला, अन् वाढायचा थांबला. चाळीस वर्सं झाली, कुनाला सांगितलं न्हाई."

तेवढ्यात वरून एक थेंब लिंगावर पडला. थेंबागणिक चुन्याचा कण मागे राहतो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. पाठ होतं एवढंच. आता मान वर केली आणि अंगावर सरसरून काटा आला. अज्जाच्या आजोबापासून खुद्द अज्जापर्यंत ज्यानं केसभरही अंग धरलं नाही, तो असा पुरुषभर झाला होता! पहिला थेंब पडला तेव्हा दिवा लावायला इथे माणूस तरी होता का? मला भीती वाटली, आणि इतका आनंद झाला की बोलताना जीभ अडखळली.

"अज्जा, तो थांबलेला नाही. वाढतोय. पण त्याचा एक तीळ भरायला आपली आयुष्यं पुरत नाहीत. दिवा लागो की चुको."

"तुमच्या पुस्तकात हाय ह्ये?"

"आहे."

"म्हंजे माज्यामुळं न्हाई?"

"नाही, अज्जा."

त्यानं चूड माझ्या हातात दिली. मग पुढे होऊन त्या ओल्या दगडाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि कपाळ टेकून हुंदके देत रडला.