आक्काने केलेली नानकटाई

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. आमच्या घरात दर दिवाळीला कोणी ना कोणी ती सांगतंच, पण निराळी सांगतं. आक्काने हट्टाने फिरंगी खाऊ केला आणि त्यापायी माझी सोयरीक मोडता मोडता राहिली, असं सांगतात आणि हसतात. नातवंडंही हसतात. मी ऐकून घेतो. आता ऐकून घ्यायचाही कंटाळा आला आहे. ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांतलं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव कडा या बाजारगावाजवळ. नगर काही फार लांब नाही, पण ते इंग्रजांच्या हद्दीत; मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. बैल विकायला मी नगरला गेलो होतो, तेव्हा साहेबलोकांच्या नाताळाचे दिवस होते. छावणीतल्या एका दुकानात बिस्किटं मांडलेली दिसली. फुलासारख्या कडा आणि मधोमध लाल काच. उजेडात धरलं की आरपार दिसायचं. एक विकत घेतलं, आणि दुकानदाराने सांगितल्यावरून तशाच रंगाच्या कडक गोळ्यांची पुडी घेतली. नाक्यावरच्या शिपायाने पुडी सोडून दोन गोळ्या तोंडात टाकल्या आणि मग जाऊ दिलं.

घरी येईपर्यंत बिस्किटाचा चुरा झाला होता. तो मी आक्काच्या हातावर ठेवला.

आक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती माहेरी आली. दळण, धारा, रोजच्या भाकरी सगळं तिच्याकडे. पण सणावाराला, शुभकार्याला तिने चुलीजवळ यायचं नाही, असा आईचा नेम. अशा दिवशी ती गोठ्याच्या ओट्यावर बसून शेंगा फोडायची.

बिस्किट तिने खाल्लं नाही, आत अंडं असेल म्हणून. मधला काचेचा तुकडा तेवढा जिभेवर ठेवला.

"ही गोळीच हाय. वरून न्हाई वतली. आतल्या आत पाघळलीय."

मग तिने नादच घेतला. नानकटाई तिला येत होती. वस्त्रगाळ पीठ, साखर आणि तळहाताने पांढरं होईस्तोवर फेसलेलं तूप. पातेल्यात वाळू, खाली विस्तव, वर झाकणावर निखारे. शिवणाच्या अंगुस्तानाने मधोमध भोक पाडून तिने त्यात कुटलेली गोळी भरली. पहिल्या खेपेला गोळी उकळून काळी पडली. मग तिने नानकटाई आधी भाजून घेतली, अगदी शेवटी झाकण उचलून भोकात गोळी टाकली आणि पुन्हा क्षणभर झाकलं. मी लगेच एक उचलायला गेलो, तर बोटाला लाल तार आली.

"आरं हात काढ, येड्या! निवू दे की. कावून एवढी घाई?"

निवल्यावर ती उन्हात धरून आक्का किती वेळ बघत बसली. तिला इतकं खूश मी फार वेळा पाहिलं नाही.

पुढच्या दिवाळीत चकलांब्याहून मुलीकडची मंडळी सुपारी फोडायला येणार होती. मला मिरवायची हौस. आई मळ्यात गेलेली पाहून मी आक्काला म्हणालो, "ती काचंची नानकटाई कर."

"नको बाबा. सण हाय, त्यात सोयरिकीचं. माजा हात नको लागाय."

"मी हाय ना. कुणी इचारलं तर सांगतो, आमच्या आक्कानं केली."

"सांगशील? समद्यांम्होरं?"

"सांगतो."

ती हसली, जपून ठेवलेल्या गोळ्यांची पुडी काढली आणि पीठ चाळायला बसली.

संध्याकाळी आईने ताट पाहिलं आणि विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "नगरची हाय." आक्का तिथेच होती. तिला वाटलं असेल, आईपुरतं बोलला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलीच्या मामांनी एक नानकटाई डोळ्यांपुढे धरली. "जावईबापू, आत्तापासनंच काच खाऊ घालता व्हय आमाला?" सगळे हसले. मामांनी एक खाल्ली, दुसरी उचलली.

मुलीची आत्या होती, तिने विचारलं, "लई नामी हाय. कुठली म्हणायची?"

"छावणीतली," मी ऐटीत म्हणालो.

आत्याने हातातली खाली ठेवली. "साहेबाच्या दुकानातली? मंग अंडं आसंल की तिच्यात!"

मामांचा घास तोंडातच राहिला. वडील माझ्याकडे बघू लागले.

"न्हाई न्हाई," मी घाईने म्हणालो, "घरचीच हाय. आक्कानं केली."

हे खरं होतं. इथेच थांबलो असतो तर आज लिहायला काही नव्हतं.

"आक्का म्हंजी... ती?" आत्याने मान वळवली. आक्का पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. "सुपारीच्या ताटात तिच्या हातचं?"

आणि मी म्हणालो, "आमी नकोच म्हणलतो. तिनं ऐकलं न्हाई."

वडिलांनी विचारलं, "खरं का गं?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. तांब्या खाली ठेवला. "व्हय. मी ऐकलं न्हाई."

मामा भले माणूस. "जाऊ द्या हो, ग्वाड लागली तेवढं खरं," म्हणाले. सुपारी फुटली. आईने मात्र त्यानंतर आक्काला लोणच्या-पापडालाही हात लावू दिला नाही. सण आला की तिला मळ्यातल्या खोपीत राखणीला धाडायची. आक्का निमूट जायची. माझ्याशी ती पहिल्यासारखीच बोलायची, आणि ते मला जड जायचं.

माझी बायको घरात रुळल्यावर एकदा तिला म्हणाली, "आक्का, ती काचंची एकदा करा ना."

"मला कुठं येती, बाई? तुज्या मालकाला इचार. नगरला मिळती म्हणं."

मी ओसरीवर होतो. उठून शेताकडे गेलो.

आई-वडील गेले, घर माझ्या हातात आलं. आक्काला सणाच्या चुलीशी बसवायला तेव्हा माझ्या एका शब्दाचं काम होतं, तेही मी केलं नाही. आक्काने अंथरूण धरलं तेव्हा एका दुपारी मनात वाक्य जुळवून तिच्या उशाशी बसलो.

"आक्का, त्या दिवशी मी..."

"कंच्या दिवशी?"

तिने डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलं. मी म्हणालो, "काही न्हाई. पाणी देऊ?"

ती म्हणाली, "दे."

मी तिला पाणी पाजलं आणि बाहेर आलो. त्याच आठवड्यात ती गेली. आक्का, कर म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो आणि सगळं तुझ्यावर ढकललं, माझं चुकलं, एवढंच मला म्हणायचं होतं.