कुंडलची सवय, साताऱ्याची परीक्षा

कुंडल सोडलं तेव्हा टेम्पोत गॅसची शेगडी, दोन गाद्या आणि मी असे एकत्रच बसलो होतो. नवऱ्याला, विलासला, शिरवळच्या एका कंपनीत काम लागलं होतं. आई डोळ्याला पदर लावून उभी होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, टेम्पोवाल्याला तिसऱ्यांदा बजावत होते, गाडी सावकाश ने. मला रडू येण्याऐवजी त्या टेम्पोवाल्याचा रागच आला. गिअर असा खाडकन टाकत होता, की त्याला उठवून मीच चालवावं असं वाटलं. सोळाव्या वर्षापासून मी आप्पांचा ट्रॅक्टर रानात फिरवत होते. पण रानातलं चालवणं कोण धरतं?

शिरवळला खोली मिळाली, गाव मिळालं नाही. शेजारीण ओडिशाची, वरची बिहारची, घरमालक पुण्यात. हाक मारायची तर कुठल्या नात्यानं, हेच कळेना. तुमच्यातले जे गाव सोडून गेले, त्यांना हे सांगायला नको. मी कदमकाकींच्या मेसमध्ये चपात्या लाटायला लागले. तिथून कंपन्यांना जेवण जायचं. ते पोचवणारा ड्रायव्हर काम सोडतोय कळल्यावर मी काकींना म्हटलं, टेम्पो मला द्या. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत लायसन आण, नाहीतर दुसरा माणूस बघते.

मला तो टेम्पो हवाच होता. त्या परक्या गावात माझं म्हणून काहीतरी हवं होतं.

आधी शिकाऊ लायसनची परीक्षा, साताऱ्यात, कॉम्प्युटरवर. मला कोण काय शिकवणार, या तोऱ्यात मी पुस्तक न उघडताच गेले आणि आपटले. पुढच्या गाडीनं उजवा इंडिकेटर दिला तर काय समजाल, असा एक प्रश्न होता. बरोबर उत्तर होतं, ती गाडी उजवीकडे वळणार; मी झटक्यात ‘ओव्हरटेक करावे’ दाबलं. हंगामात आप्पा उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याला निघाले, की मागच्याला वाट द्यायला उजवी लाईटच लावायचे. मागचे बिनघोर पुढं जायचे. चौकात आधी कोण, याला मी माल भरलेली गाडी म्हटलं. आमच्याकडे तसंच चालतं. बाकीची उत्तरंही याच थाटाची.

बसस्टँडवरून आप्पांना फोन केला आणि तुमच्यामुळं नापास झाले म्हणून भांडले. ते म्हणाले, "आगं, हितं मागचा माणूस वळकीचा असतोय. त्येला ठावं असतंय, आप्पा कुटं वळणार न् कुटं न्हाई. तितं तुला कोण वळकतंय? वळकत न्हाईत त्यांच्यासाटनंच नियम असत्यात. पुस्तक वाच."

नववी पास बाई पुन्हा अभ्यासाला बसली. चिन्हांचे कागद मी मेसच्या भिंतीवर, तव्यासमोर चिकटवले. लाटता लाटता बायका मला विचारायच्या. माझ्यासोबत लाटणाऱ्या ओडिशाच्या शेजारणीला, झुनूला, मराठी वाचता येत नव्हतं, पण चित्रं तिला माझ्याआधी पाठ झाली. मी चुकले की ती लाटणं आपटायची. विलास रात्रपाळीला जाण्याआधी दहा प्रश्न विचारून जायचा, आणि मी अडले की लय हसायचा. आपण ओळखीच्या गावातून अनोळखी गावात आलो, हे त्या दिवसांत मला नीट कळलं, आणि त्याची भीती गेली.

दुसऱ्या वेळी पडद्यावर ‘उत्तीर्ण’ आलं. मी तिथंच मोठ्यानं हसले, शिपाई बघायला लागला तरी. पुढं पक्क्या लायसनची गाडी चालवायची परीक्षा म्हणजे माझ्या हातचा मळ होता. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मी लायसन काकींसमोर ठेवलं. त्यांनी किल्ली काढून दिली. झुनूनं टेम्पोला हळदीकुंकू लावलं.

दिवाळीत कंपन्या बंद होत्या, म्हणून काकींनी टेम्पो घरी न्यायला दिला. विलासला शेजारी बसवून मी कुंडलला गेले. आप्पांनी लायसन हातात घेतलं, लांब धरून वाचलं, आणि पत्त्यापाशी थांबले.

"पत्ता शिरवळचा घातलास व्हय?"

मी म्हटलं, "व्हय आप्पा. घर तितं हाय आता."

ते लायसन हातात घेऊनच बाहेर गेले. टेम्पोभोवती अर्धी आळी जमली होती. कुणीतरी विचारलं, टेम्पो कुणाचा आला. आप्पांनी लायसन वर धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माजी लेक आलीया तिच्या घरनं. सोता चालवत आलीया."