साकवाच्या अर्जावरची पहिली सही

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीच्या साकवाचे उद्घाटन झाले. त्या सोहळ्यात मला शाल-श्रीफळ देण्यात आले आणि ध्वनिवर्धकावरून जाहीर करण्यात आले की, या साकवाच्या अर्जावर सर्वांत पहिली सही करण्याचे धाडस या माजी सैनिकाने केले. हे खोटे आहे. मी माईक हातात घेऊन तसे तिथल्या तिथे सांगितले. पण लोकांना तो माझा विनय वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बुजुर्गाने तर डोळे पुसले. बोललेले ऐकले जात नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचे गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. नेमके कोणत्या बाजूला, ते सांगणार नाही. गाव आणि आमची वस्ती यांच्या मधून ओढा जातो. उन्हाळ्यात त्यात शेळीचा खूरही भिजत नाही. पण आषाढ लागला की पाणी कमरेच्या वर चढते. तेव्हा या काठच्या जांभळापासून त्या काठच्या बाभळीपर्यंत दोर बांधलेला असे आणि मुले दप्तर डोक्यावर घेऊन, दोर धरून शाळेला जात. ज्यांच्या आईबापांना ते पाहवत नसे, त्यांची मुले घरी राहत. मुली तर घरीच राहत. साकव मागितला होता तो यासाठी. माणसांना आणि फार तर एखाद्या मोटारसायकलीला पलीकडे जाता येईल, एवढाच.

आता साकव झाला आहे, आणि तो कसा झाला याबद्दल तीन कथा गावात फिरतात. पहिली कथा साहेबांच्या माणसांची. साहेब म्हणजे आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे संचालक. कोनशिलेवर त्यांचे नाव सर्वांत वर आणि सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे. वास्तविक साकवाचा जोडरस्ता त्यांच्या शेताच्या बांधावरून जाणार होता आणि केवळ त्या हातभर बांधासाठी हे काम नऊ वर्षे अडून राहिले. दुसरी कथा गावातल्या तरुणांची. त्यांनी मोबाईलवर फिरवलेल्या चित्रफितीमुळे सरकार हलले, असे ते म्हणतात. चित्रफीत चांगली होती, हे मान्य करतो. ती साकव मंजूर झाल्यानंतर काढलेली होती, एवढेच. तिसरी कथा मात्र मी सहन करणार नाही. ती जिने खरोखर पहिली सही केली, त्या बाईच्या दिराची आहे.

ही बाई आमच्या भावकीतली. नवरा अकाली गेला. पदरी एक मुलगी, एक लहान मुलगा आणि माझ्या शेताला लागून दोन एकर ऊस. तिचा दीर चहाच्या टपरीवर बसून सांगतो, "म्हाताऱ्यानं आमच्या वैनीला फशिवलं गड्या. अडाणी बाई. कागद म्होरं केला, हितं कर म्हनला, तिनं केली." या गृहस्थाला स्वतःची सही करताना जीभ बाहेर काढावी लागते, हे सोडून देतो. त्याची वहिनी माहेरी सातवी पास झालेली आहे. अर्जाचा मसुदा मी तिला वाचायला दिला, तेव्हा ती तो दोनदा वाचून म्हणाली, "आण्णा, ह्ये 'विद्यार्थ्यांची गैरसोय होते' खोडा. गैरसोय कसली? पोरी शाळा सोडत्यात. तसं लिवा." मी तसे लिहिले. तिची मुलगी त्या वर्षी आठवीत होती आणि आषाढापासून घरात बसून होती. फौजेत मी बावीस वर्षे कारकुनी केली. माझ्या मसुद्यात दुरुस्ती करणारी माणसे मी बोटांवर मोजू शकतो.

आता पहिल्या सहीचा एवढा बाऊ का, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे उसाची नोंद कारखान्यात झाली, म्हणजे ऊस तुटलाच असे नाही. तोडणीची टोळी कोणाच्या शेतात कधी उतरायची, हे कारखान्याचा चिटबॉय ठरवतो, आणि चिटबॉयने काय ठरवायचे, ते साहेब ठरवतात. मार्गशीर्षात तुटायचा ऊस चैत्रापर्यंत उभा राहिला, की त्याला तुरा येतो, आतून पोकळ होतो, वजन जाते. यात कुणी कुणाला धमकी देत नाही. टोळी येत नाही, एवढेच.

म्हणून अर्ज तयार झाला त्या दिवशी मारुतीच्या देवळात सगळी वस्ती जमली, तरी कागद हातोहात फिरत राहिला.

"तू कर रं पयली. तुझा ऊस गेलाय औंदा."

"माझा गेलाय, भावाचा उभा हाय की."

"मग मास्तर करतील."

"मास्तर कशाला करत्यात? बदली हुईल त्येंची."

"आवं आण्णा, तुमीच करा. पाकिस्तानला भ्याला न्हाई तुमी."

"पाकिस्तानात आण्णांचा ऊस न्हवता," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, आणि देऊळ हसले. मीही हसलो.

त्या हसण्यातून मार्ग मीच काढला. देवळाशेजारच्या घरातून जेवायची पितळी मागवली, मोठ्या कागदावर अर्जाच्या खाली पालथी घातली आणि भोवती पेन फिरवले. त्या गोलाच्या कडेने सगळ्यांनी सह्या करायच्या. म्हणजे कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. एक्केचाळीस सह्या झाल्या. कागद सूर्यफुलासारखा दिसू लागला आणि आम्ही स्वतःवर इतके खूश झालो की चहा मागवला. आज ही गोष्ट वस्तीची हुशारी म्हणून सांगितली जाते. कल्पना वस्तीची नव्हती, माझी होती. आणि ती हुशारी नव्हती, भीती होती. दोन्हींची नोंद व्हावी.

तालुक्याच्या कार्यालयातल्या कारकुनाने तो कागद हातात धरून एकदा असा आणि एकदा तसा फिरवला.

"आजोबा, हे निवेदन आहे का रांगोळी?"

"निवेदन आहे."

"मग पहिला अर्जदार कोण?"

"सगळेच."

"सगळ्यांना उत्तर पाठवू? सुरुवात कुठून करू, बारा वाजल्यापासून?"

मागे रांगेत उभे असलेले लोक खिदळले. मला संताप आला, आणि अधिक संताप या गोष्टीचा, की त्याचे म्हणणे बरोबर होते. अर्जदार क्रमांक एक नसेल तर फाईल उघडत नाही. नोकरीत मी स्वतः असे कागद परत पाठवलेले आहेत. त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "क्रमांक घालून आणा. एकपासून."

दुसऱ्या खेपेला देवळात निम्मीच माणसे आली. मी नव्या कागदावर रकाने आखून नेले होते: अनुक्रमांक, नाव, सही. एकच्या पुढची जागा मोकळी होती. शाईचे पेन माझ्या हातात होते, टोपण काढलेले. आणि मग मी म्हणालो, "ज्याने मसुदा लिहिला, त्याने पहिली सही करायची नसते. फौजेत तसा नियम आहे." एवढे बोलून मी टोपण लावले.

असा नियम फौजेत नाही. कुठेच नाही. तो मी त्या क्षणी बनवला. कोणी खोलात गेले नाही, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाजवळ आपापला एक नियम होता.

ती बायकांबरोबर पायरीपाशी बसली होती. उठली, पदर सावरला, आत आली आणि माझ्यापुढे हात केला. "द्या हिकडं." मी पेन दिले. तिने टोपण काढून एकच्या पुढे स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव असे सातबाऱ्यावर असते तसे पूर्ण लिहिले आणि सही केली. मग वळून पुरुषांना म्हणाली, "झाला न्हवं एक? आता तरी करा रं." दोनसाठीसुद्धा बराच वेळ गेला. माझी सही बारावी आहे. तो कागद कार्यालयाच्या दप्तरात असेल. ज्याला माझे म्हणणे पटत नाही, त्याने जाऊन पाहावा. तिला मी फसवले नाही. तिचा दीर म्हणतो त्याहून मी केले ते वेगळे आहे, आणि ते बरे आहे असा माझा दावा नाही.

त्या हंगामात टोळी मार्गशीर्षात आली. माझा ऊस वेळेवर तुटला. नंतर तोडकऱ्यांनी कोयते उचलले, तिच्या बांधावरून चालत गेले आणि तिच्या पलीकडच्या शेतात उतरले. ती बांधावर उभी होती. तिने मुकादमाला विचारले, "माझ्याकडं कवा?" तो म्हणाला, "बाई, तुमची चिट न्हाई." चिटबॉयने मोटारसायकलवरून न उतरताच सांगितले, "नाव खाली गेलंय वैनी. कम्प्युटरनं केलंय." माघात तिच्या उसाला तुरा आला. चैत्रात, कारखाना बंद व्हायला आठवडा असताना, टोळी आली ती काड्यापेटी घेऊन. इतका वाळलेला ऊस पेटवल्याशिवाय तोडता येत नाही, असे मुकादम म्हणाला. सगळी वस्ती आपापल्या दारात उभी राहून पाहत होती. त्याची काजळी माझ्या अंगणातल्या वाळवणावर पडली. बायकोने ते पापड फेकून दिले आणि माझ्याकडे न पाहता आत गेली.

मी काहीच केले नाही, असे कोणी म्हणू नये. तिच्या उसासाठी मी कारखान्याकडे तीन अर्ज लिहिले. भाषा, मुद्दे, जोडपत्रे यांत बोट ठेवायला जागा नव्हती. तिन्ही अर्ज तिच्या नावाने होते. माझ्या नावाने एकही नव्हता.

दुसऱ्या वर्षी तेच झाले. तिसऱ्या वर्षी तिने ऊस मोडून सोयाबीन केले. मुलगी दोन पावसाळे घरी बसली आणि मग तिचे लग्न झाले. साकवावरून तिला शाळेला जायचे होते. ती त्यावरून प्रथम चालली ती उद्घाटनाला माहेरी आली तेव्हा, कडेवर स्वतःचे मूल घेऊन.

पहिली सही माझी, ही कथा कशी तयार झाली, याचाही मी विचार केला आहे. अर्ज घेऊन हेलपाटे मी घालत होतो, म्हणून लोकांनी तसे धरले, हे एक. पण साहेबांच्या माणसांनी ती उचलून धरली, याला कारण आहे. म्हाताऱ्या फौजीला शाल घालता येते. बाईला घालायची, तर तिचा ऊस का जळला, ते कुणीतरी विचारले असते.

उद्घाटनानंतर चार दिवसांनी मी ती शाल घेऊन तिच्या घरी गेलो. ती पावटे सोलत बसली होती. शाल पुढे केल्यावर हसली. "ही मला कशाला आण्णा? आदीच उकडतंय."

"मी सगळे लिहून काढणार आहे," मी म्हणालो. "पहिली सही कुणाची, ते. तुझ्या नावानिशी."

तिचे हात थांबले. "नाव नगा लिवू."

"का?"

"पोरानं औंदा ऊस लावलाय. नोंद झालीया."

"म्हणून लोकांनी खोटे बोलत राहायचे?"

"बोलू द्यात की. साकवावरनं जाताना कुणी इचारतंय व्हय, पयली सही कुणाची म्हून?"

"मी विचारतो."

"तुमी इचारताय," ती पुन्हा पावटे सोलू लागली, "कारन तुमची बारावी हाय."

तिने चहा दिला, तो घेतला. निघताना तिने शाल घडी घालून माझ्या हातात ठेवली. मी विचारले, "मग कधी लिहू?"

"साहेब हाय तवर नगं. मग त्येचा ल्योक बसंल तितं. त्येचं झालं की लिवा."

एकाचे नाव लिहिले की बाकीच्यांची ओळख पटते, म्हणून मी कुणाचेच लिहिलेले नाही. गावाचे नाही, ओढ्याचेही नाही. शाल कपाटात आहे. साहेबांचा मुलगा चाळिशीचा आहे, तब्येतीने उत्तम. मी एक्याऐंशी वर्षांचा आहे.