काकांना कोण कोण आहे?

दुकानदाराला किस्से शोधायला जावं लागत नाही. माल पडून राहतो, किस्से मात्र रोज ताजे येतात, आणि ते ठेवायला गोडाऊनही लागत नाही!

उल्हासनगरात माझं भांड्यांचं आणि प्लास्टिकचं दुकान. समोर लछमनदासचं कपड्यांचं. आणि आम्हा दोघांच्या मध्ये गायकवाड काकांचा संचार. काका अंबरनाथच्या एका कंपनीतून फोरमन म्हणून रिटायर झाले. पुढे कंपनीही बंद पडली. काकांच्या डोक्यात मात्र ती चालूच राहिली.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. मुलगा प्रशांत बंगळुरूला. त्याचं एकच म्हणणं, इथे बाबांना बघायला आहे कोण? माझ्याकडे सातव्या मजल्यावर राहतील, खाली वॉचमन, हरवायचा प्रश्नच नाही. काकूंना जायचं नव्हतं. म्हणाल्या, "तिथे हे हरवणार नाहीत, खरंय. पण बोलणार कोणाशी?"

शेवटी डॉक्टरांनी तोड काढली. आमच्या दवाखान्याच्या समाजसेविका मॅडम येतील, काकांच्या आजूबाजूला माणसं कोण आणि कशी आहेत ते बघतील, मग ठरवा.

०

मॅडम पहिल्यांदा घरी गेल्या. काकांना विचारलं, घरात तुमची काळजी कोण घेतं?

काकांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ही बाई आहे ना, फार चांगली आहे. कुठे स्थळ असेल तर बघा तिच्यासाठी."

काकू आतून म्हणाल्या, "मॅडम, लिहून घ्या. लग्नानंतर पहिल्यांदा चांगली म्हणाले."

०

मग मॅडम बाजारात आल्या. आता आमची पंचाईत ऐका. काकूंनी कधीतरी काकांना चहाची गाळणी आणायला सांगितली होती. तेव्हापासून काका रोज सकाळी येऊन गाळणी घेतात. काकांच्या हातची बोहनी झाली की दिवस झकास जातो, हा अख्ख्या लाइनीचा अनुभव. बोहनीचा माल दिवसाउजेडी परत घ्यायचा नाही, हा धंद्याचा नियम. म्हणून काकू दिवेलागणीनंतर पिशवीत गाळणी घेऊन येतात आणि मी ती पुन्हा खिळ्याला लटकवतो.

लछमनदासला हे बघवेना. त्याने काकांना बिस्किटं दाखवून आधी आपल्या दुकानात ओढायला सुरुवात केली. काका तिथे रुमाल घ्यायला लागले. मॅडमसमोरच आमची जुंपली. मी म्हटलं, काका माझे गिऱ्हाईक. तो म्हणाला, "साईं, तेरे यहाँ तो सिर्फ गाळणी लेते हैं. बैठते तो मेरे पास हैं!"

मॅडम म्हणाल्या, नातेवाइकांत एवढं भांडण बघितलंय, पण ते माणूस दुसऱ्याच्या गळ्यात घालायला. आपल्याकडे ठेवून घ्यायला भांडताना पहिल्यांदाच बघतेय.

०

रिक्षा स्टँडची पद्धत वेगळी. काका बसले आणि "कंपनीत" म्हणाले, की बाजाराला एक चक्कर मारायची, माझ्या दुकानासमोर सोडायचं आणि सांगायचं, आज कंपनीला सुट्टी. काका खूश!

एकदा स्टँडवर नवा ड्रायव्हर होता. त्याने इमानदारीत थेट अंबरनाथला बंद गेटपाशी नेलं. तिथला म्हातारा वॉचमन काकांच्याच हाताखाली वाढलेला. त्याने सलाम ठोकला आणि सांगितलं, साहेब, आज सुट्टी आहे. काका भडकले. "सुट्टी आहे तर तू ड्युटीवर कसा? जा घरी." आणि त्याला रिक्षात घालून उल्हासनगरला घेऊन आले.

०

मॅडम पुन्हा येणार असं कळल्यावर बाजाराने कमालच केली. प्रत्येकाला आपली माया दाखवायची होती. कोणी पोळी-भाजी आणली, कोणी दाल-पकवान, कोणी शिरा. काकांना आधीचं जेवण आठवत नाही, त्यामुळे प्रत्येक घासाला तीच भूक. काकू येईपर्यंत काका बाकावर आडवे.

मॅडमनी शेरा मारला, "आधार भरपूर आहे. थोडा कमी करा."

०

मग प्रशांत आला. तिकिटं काढूनच आला होता. मॅडम माझ्या दुकानात बसल्या होत्या, त्यांना म्हणाला की बाजारवाले किती दिवस बघणार? शेवटी रक्ताचं माणूसच लागतं. बाबांना मी एकटा सांभाळीन. आणि काकांना घेऊन चप्पल खरेदीला निघाला.

चपलांच्या दुकानात त्याला ऑफिसचा फोन आला. बोलून वळला, तर काका नाहीत. पोरगं घाबरलं. या गल्लीत घुस, त्या गल्लीतून निघ, भर उन्हात घामाघूम होऊन सैरावैरा पळत सुटलं.

इकडे आम्ही गप्पा मारतोय, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आधी काका उतरले. मग त्यांनी हाताला धरून प्रशांतला उतरवलं. रिक्षावाला म्हणाला, "काकांनीच थांबवली. म्हणाले, हा बघा कसा पळतोय, हरवलेला दिसतो, घ्या याला."

काकांनी प्रशांतला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेठ, चांगल्या घरचा दिसतो. याचं कोणी आहे का, जरा चौकशी करा."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम प्रशांतकडे बघत होत्या. प्रशांत कोणाकडेच बघत नव्हता.

काका त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागले.

"रडू नको रे. येईल तुझा बाप. तोवर मी आहे इथे."